बायचं परमिट

“मॅडम, ह्या अकाउंट होल्डर कोण?”

पणजीत व्हिसाच्या फायली तपासून देणाऱ्या त्या एसी लावलेल्या खोलीत टेबलापलीकडचा मुलगा माझंच बँक स्टेटमेंट माझ्यासमोर धरून मला विचारत होता. मी म्हटलं, मीच. त्याने दुसऱ्या हाताने माझ्या मुलीचा, बायचा, जन्मदाखला उचलला. “आणि ह्या मदर?” म्हटलं, त्याही मीच. तो हसला नाही. दिवसाकाठी पंधरा-वीस फायली तपासणाऱ्याला हसून परवडत नसावं. दोन्ही कागद त्याने शेजारी-शेजारी ठेवले, पेन्सिलीने दोन नावांखाली दोन रेघा ओढल्या आणि अगदी सौम्यपणे म्हणाला, “पेपरवर ह्या दोन लेडीज आहेत.”

बाय माझ्याकडे बघत राहिली. आपल्याला आई एकच आहे अशी तिची बावीस वर्षांची समजूत होती.

त्या दोघींची नावं मी इथं लिहीत नाही. आधीच त्यांनी पुष्कळ पळायला लावलंय. एवढंच सांगते की एक माहेरची, एक सासरची, आणि आडनाव सोडाच, दोघींचं पहिलं नावसुद्धा एक नाही. मला सरकारी मराठी प्राथमिक शाळेत नोकरी लागली 1997 मध्ये, लग्नाआधी. सर्व्हिस बुक, पगाराचं खातं, पुढे पॅन कार्ड, सगळं माहेरच्या नावाने झालं आणि तसंच राहिलं, कारण सर्व्हिस बुकातलं नाव बदलायचं म्हणजे काय दिव्य असतं ते आमच्या हेडबाईंनी मला पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं. लग्न झालं 2000 साली. गोव्यात लग्नाची सरकारी नोंद पोर्तुगिजांच्या काळापासून चालत आलेली. सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीत आधी एक सही, मग काही दिवसांनी दुसरी. त्या दोन्ही सह्या माझ्या माहेरच्याच नावाच्या. मांडवात मात्र ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं. सासऱ्यांच्या आवडीचं नाव होतं. मला वाईट वाटलं नाही, उलट थोडी मजाच वाटली. नव्या साडीसारखं नवं नाव. आणि 2003 मध्ये बाय झाली तेव्हा मी अर्धवट गुंगीत असताना इस्पितळाचा फॉर्म नणंदेने भरला. आईचं नाव म्हणून तिने घरात सगळे हाक मारतात ते लिहिलं. तिचं काय चुकलं?

तर ही ती दुसरी बाई. तिच्या नावावर बँकेत दमडी नाही, नोकरी नाही, पॅन नाही. तिच्या नावावर फक्त एक मुलगी आहे.

ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसाचा पैशांचा नियम तसा सरळ आहे. कोर्सची फी आणि तिथं राहण्याचा खर्च आपल्यापाशी आहे हे दाखवायचं. लंडनबाहेर शिकायचं तर आम्ही अर्ज केला तेव्हा, म्हणजे 2025 च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात, महिन्याला 1,136 पौंड, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे, एकूण 10,224. लंडनमध्ये महिन्याला 1,483. त्यामुळे लंडनचा विषय आमच्या घरात पहिल्याच संध्याकाळी मिटला. लंडनबाहेरचीही रक्कम त्या वेळच्या भावाने बारा लाखांच्या आसपास जात होती. पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात असोत नाहीतर आईवडिलांच्या. आईवडिलांच्या खात्यात असतील तर नातं दाखवायला जन्मदाखला आणि सोबत पालकाचं संमतिपत्र. आणि ते पैसे सलग 28 दिवस खात्यात उभे पाहिजेत. एक दिवस जरी रक्कम त्याखाली उतरली तरी पहिल्यापासून मोजणी.

ह्याशिवाय व्हिसाची फी तेव्हा 524 पौंड. त्यांच्या सरकारी इस्पितळांसाठीचा सरचार्ज वर्षाला 776, पण एका वर्षाच्या कोर्सचा व्हिसा सोळा-सतरा महिन्यांचा निघतो, म्हणून दीड वर्षाचे 1,164, आणि तेही आगाऊ. माणूस अजून गोव्यात डिचोलीत वरण-भात जेवतोय आणि तिथल्या डॉक्टरचे पैसे भरून मोकळा.

बारा लाख माझ्या पी.एफ.मधले होते. फळ्यावर अठ्ठावीस वर्षं खडू झिजवून जमलेले. फीसाठी कर्ज घेतलं होतं, त्याचं पुढे सांगते. आता पणजीतल्या त्या मुलाने रेघा ओढल्यावर नवऱ्याने घरी येऊन सरळ तोडगा काढला: “पैसे माझ्या खात्यात टाक. दाखल्यावर बापाचं नाव बरोबर आहे. संपला विषय.”

हिशेबाने त्याचं बरोबर होतं. पण माझ्या खात्यात त्या दिवशी अकरावा दिवस चालू होता. पैसे हलवले की मोजणी पुन्हा एकापासून. आणि नवऱ्याचं खातं म्हणजे काय ते मला ठाऊक. आमचा भाग खाणपट्ट्यातला. त्याचा एक ट्रक होता, खनिज वाहायचा. 2012 मध्ये खाणी थांबल्या, मग पुन्हा थोड्या हलल्या, आणि 2018 च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने 88 लिझं एका निकालात रद्द केली. दारोदारचे ट्रक आधी चिखलात उभे राहिले, मग गंजले, मग भंगाराच्या भावाने गेले. आमचा जरा आधी विकला म्हणून थोडे पैसे आले. त्यात त्याने पाण्याचा टँकर घेतला. खाणींनी विहिरी आटवल्या आणि त्याच विहिरींच्या मालकांना आता आम्ही पाणी विकतो. हा विनोद तो स्वतःच करतो, दुसऱ्याने केलेला त्याला खपत नाही. तर टँकरवाल्याचं खातं. सकाळी पाच हजार आत, दुपारी डिझेलचे चार हजार बाहेर. त्या खात्यात 28 दिवस कसलीच रक्कम उभी राहिलेली मी पाहिलेली नाही.

ही झाली त्याला सांगितलेली कारणं. न सांगितलेलं कारण वेगळं होतं. पैसे माझे होते आणि मला ते माझ्याच नावावरून जायला हवे होते. पन्नाशीत एवढा हट्ट करायला हरकत नसावी.

ते अठ्ठावीस दिवस. ‘पैसा खेळता असावा’ असं ऐकत मी मोठी झाले. उभा असलेला पैसा कसा असतो हे मला माहीतच नव्हतं. 17 जूनला मोजणी सुरू झाली. जून म्हणजे शाळा नुकती उघडलेली, छपराच्या कौलांतून स्वयंपाकघरात दोन ठिकाणी धार लागलेली, सासूबाईंच्या डोळ्याला मोतीबिंदू पिकलेला. कौलं बदलणारा माणूस येऊन बघून गेला, त्याने आकडा सांगितला, मी म्हटलं पंधरा जुलैनंतर. त्याने वर बघून विचारलं, पाऊस थांबेल तोवर? धारेखाली दोन टोप ठेवले. रात्री त्यांत टप-टप आवाज व्हायचा आणि मला झोपेत वाटायचं, बँकेतले पैसे गळताहेत.

गळायचेही. बँकेने एसेमेसच्या सेवेचे सतरा रुपये सत्तर पैसे कापले, त्या दिवशी मी मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या कोपऱ्यात उभं राहून तीनदा बॅलन्स बघितला. चाळीस हजारांची उशी ठेवली होती खाली, सतरा रुपयांनी काय होणार होतं? पण भीतीला भागाकार येत नाही. शिवाय पौंड चढला की आमचे रुपये बसल्या जागी कमी व्हायचे. ज्या बाईने आयुष्यात सोन्याचा भाव सोडून कुठला भाव बघितला नाही, ती रोज सकाळी चहाआधी पौंड बघायला लागली. शाळेत एका सहकारी बाईंनी त्यांच्या ओळखीतल्या कुणाचा व्हिसा एका दिवसाच्या खाचेमुळे नाकारला गेल्याची गोष्ट सांगितली. खरी-खोटी देव जाणे. अशा गोष्टी सांगणारं माणूस नेमकं अशाच महिन्यात भेटतं.

त्याच महिन्यात मी डिचोलीला नोटरीकडे गेले. ‘वन अँड सेम पर्सन’ असं त्या प्रतिज्ञापत्राचं नाव, आणि आमच्याकडे ते इतकं चालतं की टायपिस्टकडे मजकूर तयारच असतो, फक्त नावं भरायची. त्याने विचारलं, “किती स्पेलिंगं?” मला आधी कळलं नाही. म्हटलं, दोन नावं आहेत. “दोनच?” तो म्हणाला, “मग सोपं आहे. काल एकजण सहा घेऊन आला होता.”

हसू येतं, पण त्या सहांमागे इतिहास आहे. पोर्तुगीज लिपीत ‘के’ हे अक्षर चालत नसे. ‘श’साठी ते ‘एक्स’ वापरायचे. त्यामुळे त्यांच्या वहीत कामतांचे कामोतिम झाले, प्रभूंचे पोरोब झाले, आणि ज्या ज्या आडनावात ‘क’ होता त्याच्या शेपटीला कुठे ‘सी’ तर कुठे ‘क्यू-यू-ई’ लागलं. माझ्या सासऱ्यांचा जन्म 1944 चा. त्यांच्या जन्माच्या नोंदीत आमचं आडनाव क्यू-यू-ईने संपतं. 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर शाळा मराठी झाल्या, कचेऱ्या इंग्रजी झाल्या, आणि त्याच माणसाचं आडनाव रेशन कार्डावर ‘के’ने, विजेच्या बिलावर ‘सी-के’ने लिहिलं जाऊ लागलं. सासरे स्वतः आयुष्यभर मोडीवळणाच्या देवनागरीत सही करायचे, त्यामुळे त्यांना ह्यातलं काहीच भेडसावलं नाही.

भेडसावलं ते आम्हांला, कर्जाच्या वेळी. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज हवं तर बँक तारण मागते. नवरा म्हणाला, घर आहे की. घर आहे, पण ते अजून सासऱ्यांच्या नावावर, त्या क्यू-यू-ईवाल्या. त्यांच्या माघारी ते वारसांच्या नावावर यायचं तर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीची कायदेशीर प्रक्रिया, करायला हवी, आणि गोव्याच्या कायद्यात नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोचा अर्धा वाटा लग्नापासूनच सावलीसारखा चिकटलेला असतो, म्हणजे तीन भाऊ, तीन जावा, एक नणंद, तिचे यजमान आणि सासूबाई, इतक्यांनी एका दिवशी एका ठिकाणी यायला हवं. समान नागरी कायद्याचं कौतुक करायला बाहेरून लोक येतात तेव्हा मला आमच्या ह्या नऊ सह्या आठवतात. कौतुक खोटं नाही; त्याच कायद्यामुळे माझ्या नावावर अर्धं काहीतरी आहे. पण नऊ सह्यांची इन्व्हेंटरी दोन महिन्यांत होत नाही. शेवटी आम्ही दोघांनी मिळून घेतलेला वन-बीएचके तारण ठेवला. त्यावरही दोघांच्या सह्या. मी माहेरच्या नावाने केली. बँकेने एक प्रतिज्ञापत्र मागितलं ते वेगळंच.

ह्या सगळ्या धावपळीत एकदा दीर म्हणाले, “एवढं कशाला करता? बाबांचा दाखला आहे ना पोर्तुगिजांचा? सगळे पोर्तुगीज व्हा आणि सुटा.”

‘पोर्तुगीज होणं’ हे आमच्याकडे क्रियापद आहे. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्या माणसाची नोंद लिस्बनच्या नोंदणी कचेरीत करून घेता येते, आणि मग त्याच्या मुलांनाही वाट उघडते. समोरच्या वाड्यावरचा एक मुलगा असा पोर्तुगीज झाला आणि इंग्लंडमधल्या स्विंडनला गेला. गोवेकरांची तिथं वस्तीच आहे. त्याला पोर्तुगीज भाषेचा एक शब्द येत नाही आणि पोर्तुगालमध्ये त्याने पाऊल ठेवलेलं नाही. मी त्याला नावं ठेवत नाही. त्याच्याही घरी ट्रक गंजला होता. पण ब्रिटन युरोपातून बाहेर पडल्यावर, 2021 पासून, नव्याने जाणाऱ्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्यालाही तिथं वर्षभर शिकायला हाच व्हिसा काढावा लागतो. आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, तेव्हा इकडचा पासपोर्ट जाणार तो जाणारच. दिरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, मग काय उपयोग. सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, “तांकां घालवपाक केल्ली आमी चळवळ.” त्यांना घालवायला आम्ही चळवळ केली. चळवळीच्या वेळी त्या दहा-बारा वर्षांच्या होत्या. पण ‘आमी’ म्हणायचा त्यांचा हक्क मी कशाला काढून घेऊ?

नोटरीकडे परत येते. टायपिस्टने कागद पुढे केला आणि म्हणाला, दोन्ही नावांनी सह्या करा. माहेरच्या नावाची सही हाताला सवयीची, मस्टरवर रोजची. सासरच्या नावाची करायला गेले आणि पेन थांबलं. त्या नावाने मी कधी सही केलीच नव्हती. लग्नपत्रिका, गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या, नातेवाइकांची पत्रं, सगळीकडे ते नाव दुसऱ्यांनी लिहिलेलं. मी पिशवीतून तिसरीच्या मुलांची शुद्धलेखनाची वही काढली आणि तिच्या मागच्या पानावर चार-पाचदा गिरवून बघितलं. पन्नाशीची मास्तरीण, स्वतःचं नाव गिरवतेय. टायपिस्ट शहाणा, तो तेवढा वेळ बाहेर पाऊस बघत उभा राहिला. मग मी सही केली. जरा वाकडी आली, पण माझीच होती. नोटरीने स्टँप पेपरवर लाल गोल शिक्का मारला, खाली आपली लफ्फेदार सही ठोकली, आणि मी मीच आहे हे दोनशे रुपयांत सिद्ध झालं.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले तेव्हा पहिलीचे प्रवेश चालू होते. जूनमध्ये नवीन मुलं येतात, त्यांची नावं प्रवेशाच्या वहीत मी लिहिते. मराठीत एकदा आणि इंग्रजीत एकदा. आईबाप पुष्कळदा कामावरून धावत आलेले असतात, दाखला घरी विसरलेला असतो, आणि “बाई, तुम्हीच लिहा बरोबर” असं म्हणतात. आणि मी लिहिते. अठ्ठावीस वर्षं लिहितेय. ‘लक्ष्मी’मध्ये ‘एक्स’ घालायचा की ‘के-एस-एच’, हे मी कितीदा हातातला चहा थंड होऊ नये म्हणून घाईत ठरवलं असेल! त्यांतली किती मुलं आता टायपिस्टसमोर सहा-सहा स्पेलिंगं घेऊन उभी असतील कोण जाणे. नणंदेला मी मनातल्या मनात बोल लावत होते, तो त्या दिवशी मागे घेतला. ह्या वर्षी प्रत्येक मुलामागे दाखला मागितला. दाखला नसलेल्यांना परत पाठवलं. एक आजोबा चिडले, म्हणाले, “बाई, हेगेल्या बापायचें नांव तुमींच बरयल्लें.” ह्याच्या बापाचं नाव तुम्हीच लिहिलं होतंत. तेच तर, मी म्हणणार होते.

बायच्या मुलाखतीचं सांगायचं राहिलं. व्हिसाला आवश्यक ते पत्र देण्याआधी तिच्या विद्यापीठाने ऑनलाइन मुलाखत घेतली. हाच कोर्स का, हाच देश का, भारतात का नाही, पुढे काय करणार. पणजीच्या त्या खोलीतून तिला ह्या प्रश्नांची उत्तरं छापील मिळाली होती, आणि ती आठ दिवस ती पाठ करत घरभर फिरत होती. ‘ग्लोबल एक्स्पोजर’ हा शब्द आमच्या स्वयंपाकघरात इतक्यांदा उच्चारला गेला की सासूबाईंना तो कुठल्यातरी औषधाचं नाव वाटलं.

खरं उत्तर आमच्या घरामागे आहे. टेकडीपलीकडे बंद पडलेल्या खाणीचा खड्डा आहे, त्यात पावसाचं आणि जमिनीतलं पाणी साचून तळं झालंय. वरून बघितलं तर हिरवंगार, सुंदर. पर्यटक आले तर फोटो काढतील. लहानपणी बायला तिकडे जायची बंदी होती, म्हणून ती तिकडेच जायची. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात लाल का येतं, हा प्रश्न तिने मला चौथीत विचारला होता, आणि मी परिसर अभ्यासाच्या पुस्तकातलं उत्तर दिलं होतं, जे उत्तर नव्हतंच. ती शिकायला चाललीय ते हेच: खाण बंद झाल्यावर मागे राहिलेलं पाणी आणि जमीन. ब्रिटनमध्ये कोळशाच्या खाणी पिढ्यान्‌पिढ्या चालल्या आणि शेवटची खोल खाण 2015 च्या डिसेंबरात बंद झाली. बुडलेल्या खाणींतल्या पाण्याचं काय करायचं ह्यावर ते लोक बरंच काही करून बसलेत. आमच्याकडे अलीकडे लिलाव होऊन पुन्हा खाणीची हालचाल सुरू झालीय. मागच्याचं काय, ते विचारायला फुरसत नाही.

मुलाखतीच्या दिवशी मी दाराबाहेर डाळ निवडत बसले होते. पहिली दोन उत्तरं छापील गेली. मग पलीकडच्या बाईंनी काहीतरी विचारलं, आणि बाय गप्प झाली. मला वाटलं नेट गेलं. मग तिचा आवाज आला, तिच्या साध्या, चुकणाऱ्या इंग्रजीत: आमच्या घरामागे एक खड्डा आहे. पुढची दहा मिनिटं ती तेच सांगत होती. डाळीत खडा राहून गेला, तो संध्याकाळी नवऱ्याच्या दाताखाली आला.

पत्र मी लिहिलं. पालकाचं संमतिपत्र, मी हिची आई आहे, ही माझ्या खात्यातले पैसे वापरू शकते, आणि हिच्या जाण्याला माझी हरकत नाही. एवढंच लिहायचं होतं. मी लिहायला बसले तर दीड पान झालं. त्यात मी ते दोन नावांचं सगळं समजावून सांगितलं होतं, तांदळातल्या अंगठीसकट. बायने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि पाच ओळी ठेवून बाकी खोडलं. म्हणाली, “आई, त्यांना तांदूळ नको.” बरोबर होतं तिचं. मुलांच्या निबंधांवर मीच आयुष्यभर ‘पाल्हाळ नको’ असं लाल शाईने लिहीत आलेय.

क्षयरोगाच्या तपासणीची तारीख मुंबईची मिळाली. रात्रीच्या गाडीने गेलो, छातीचा एक्स-रे काढला, सायंकाळी परत गाडीत. रत्नागिरीपर्यंत पाऊस.  17 जुलैला अर्ज गेला, मग बोटांचे ठसे वगैरे झाले.

त्यानंतर सासूबाई रोज सकाळी विचारायला लागल्या, “बायचें परमिट आयलें?”

व्हिसा हा शब्द त्यांना येतो, टीव्हीवर ऐकलेला आहे. पण त्या परमिटच म्हणतात. त्यांचे वडील मुंबईत गिरगावात एका पेढीवर कामाला होते. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आणि शिमग्याला घरी यायचे. 1955 मध्ये भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली, कुळ्याहून कॅसल रॉककडे जाणारी गाडी थांबली, आणि मुंबई-गोवा हा प्रवास परदेशासारखा झाला. येण्या-जाण्याला परमिट लागायचं. सासूबाई तेव्हा सहा वर्षांच्या. ओळीने कितीतरी चवथी वडील आले नाहीत. आई गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी बांधायची आणि त्यांना दारात बसवायची, बघ गो परमिट मिळालं असेल तर येतील. त्यांच्या डोक्यात तेव्हापासून परमिट म्हणजे कागदाचा तो तुकडा, जो असला की माणूस दारात दिसतो आणि नसला की दिसत नाही. तो कागद त्यांनी कधी बघितला नव्हता. वडील मुक्तीनंतर आले, तोवर परमिटाची गरजच संपली होती.

8 ऑगस्टला दुपारी मेल आली. मी शाळेत होते. बायने फोन केला आणि काही बोललीच नाही, नुसती रडत होती. मला आधी वाटलं नाकारलं. घरी गेले तर सासूबाई चष्मा लावून ओटीवर तयार.

“आयलें मगो? दाखय पळोवया.”

बायने मोबाइल पुढे केला. सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “मोबायल कित्याक दाखयता? कागद खंय?”

कागद नव्हता. त्याच वर्षीच्या जुलैच्या मध्यापासून ब्रिटनने विद्यार्थ्यांच्या पासपोर्टात व्हिसा चिकटवणं बंद केलं. सगळं ऑनलाइन खात्यात. पासपोर्ट आला तोही कोराच. बायने सगळी पानं उलटून दाखवली. सासूबाईंनी प्रत्येक पान स्वतः पुन्हा उलटलं. मग म्हणाल्या, ना आयलें. नाही आलं. आणि आत गेल्या. मी त्यांची समजूत घालायला गेले खरी, पण माझाही विश्वास अर्धाच होता. 28 दिवस पैसे उभे केले, नऊ सह्यांचा हिशेब मांडला, स्वतःचं नाव गिरवलं, आणि हातात काय, तर पासवर्ड.

चवथ होती 27 ऑगस्टला. बायचं विमान सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. कौलं तोवर बदलून झाली होती. आदल्या दिवशी नवऱ्याने आणि दिरांनी माटोळी बांधली. सुपारीची शिपटी, तोरिंगं, आंबाडे, कांगलां, घागऱ्या. बाय स्टुलावर उभी राहून वर अडकवत होती, आणि सासूबाई खालून कुठलं फळ कुठे ते सांगत होत्या. मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला माटोळीतली चूक बरोबर दिसते.

चवथीच्या सकाळी आरतीआधी बघते तर बायची फाईल ओटीवर उघडी. कागद चटईवर पसरलेले आणि सासूबाई एकेक डोळ्याजवळ नेऊन बघताहेत. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. मेलचा छापील कागद बायने काढून ठेवला होता, तो त्यांनी बाजूला सारला. बँकेचं स्टेटमेंट सारलं. जन्मदाखला जरा वेळ धरला आणि सारला. एक्स-रेचा रिपोर्ट सारला. मग एका कागदाशी थांबल्या. त्यावरून बोट फिरवलं.

“हें,” त्या म्हणाल्या. “हाका शिक्को आसा.”

नोटरीचं प्रतिज्ञापत्र होतं. स्टँप पेपर, खाली लाल गोल शिक्का, आणि माझ्या दोन सह्या, एक सरळ, एक वाकडी.

बायने तोंड उघडलं. मी तिच्याकडे बघून मान हलवली. सासूबाईंनी कागदाची नीट घडी घातली, गणपतीपुढे सुपारीशेजारी ठेवला आणि उडू नये म्हणून वर नारळ ठेवला. मग आरती लागली.